देवकुंड सोडून बोला!

"सूनबाई, शनिवारी सहा माणसं येतायत म्हणे तुमच्याकडे?"

नानांना हे कळलं कसं, असं विचारण्यात अर्थ नसतो. मी सकाळी दूधवाल्याला जास्तीचं दूध सांगितलं होतं, एवढंच. त्याने ते पुढे सांगितलं असणार आणि दूध भागिले चहा हा हिशेब नानांनी स्वतः केला असणार. रोहा आगारात जन्मभर कंडक्टरकी केलेला माणूस. किती प्रवासी आणि कुठपर्यंत, हे न विचारता ओळखायची सवय अंगात मुरलेली. आमच्या आणि त्यांच्या परसात मेंदीचं कुंपण आहे आणि त्याला मधोमध एक खिंडार. दर पावसाळ्यानंतर ते बुजवायचं ठरतं आणि बुजत नाही, कारण काकींची वाटी त्यातूनच ये-जा करते.

"नणंदेचा मुलगा येतोय ठाण्याहून," मी म्हटलं. "ऑफिसातली मंडळी आहेत बरोबर. डोंगरात फिरायचंय त्यांना."

"कुठल्या डोंगरात?"

"देवकुंड म्हणतायत."

"देवकुंड सोडून बोला."

"का हो? बंदी तर पावसाळ्यात असते. आता कार्तिक लागला."

"बंदी नाही म्हणून जायचं, असं असतं होय?" नानांनी कोयता खाली ठेवला, म्हणजे आता लांबणार. "जून-जुलैत कलेक्टर हुकूम काढतात ते उगीच नाही. भिऱ्याहून निघालं की आधी धरणाच्या पाण्याच्या कडेने चालायचं, मग रान, आणि रानात ओहोळ. जाताना घोट्याएवढं पाणी असतं. वर ताम्हिणीकडे सर कोसळली की तोच ओहोळ येताना कमरेला लागतो. इकडे ऊन असतं, माणसाला कळतच नाही की पाणी कुठून आलं. आत्ता तसं भय नाही, मान्य. गावातला वाटाड्या घ्यायचा आणि जायचं. पण शनिवारी? दिवा गाडीत जेवढी माणसं, तेवढी त्या कुंडापाशी. फोटोत एकटा दिसावा म्हणून एकेक जण रांग लावून उभा. आणि जायला-यायला मिळून चार-पाच तास रानातली चाल. तुझ्या सहा जणांत कोण कोण आहेत ते सांग आधी."

हे मला नानांचं पटतं. लोक आधी जागा ठरवतात आणि मग माणसं तिच्यात कोंबतात. नाना आधी प्रवासी मोजतात. मी यादी सांगितली: भाचा, तो जिममध्ये जातो पण चालत नाही. त्याचे साहेब, गुडघ्याचं ऑपरेशन पुढे ढकलत असलेले. एक नवरा-बायको आणि त्यांची सात वर्षांची मुलगी. आणि एक तरुण, जो स्वतःला ट्रेकर म्हणवतो. त्याच्याकडे घडीची काठी आहे, असं भाच्याने फोनवर आदराने सांगितलं होतं.

"घडीची काठी!" काकी वाल घेऊन बाहेर आल्या. त्यांच्याकडे बिरड्याची तयारी चालू होती. मोड आलेले कडवे वाल कोमट पाण्यात टाकलेले, पातेलं मांडीशी, आणि बोटं बोलण्याच्या आधी चालू. चिमटीत धरून जरा दाबलं की डाळिंबी सालातून निसटून थेट ताटलीत पडते. साल दुसऱ्या हातात साठत जातं. नजर ताटलीकडे कधीच नसते. नजर समोरच्याच्या तोंडाकडे. "गेल्या साली त्या पलीकडच्या आळीत पुण्याचे जावई आले होते, त्यांच्याकडेपण होती. काठी घेऊन गेले आणि मोज्यात मूठभर कुसळं घेऊन आले. पायातून एकेक कुसळ उपटायला सासूबाई चिमटा घेऊन बसल्या होत्या. या दिवसांत गवतातून जायचं तर पायात गुळगुळीत कापडाची पँट पाहिजे. मोजे लोकरीचे नकोत की अर्धी चड्डी नको. हे कुणी सांगत नाही त्यांना. चपलेची किंमत सांगतात पण."

मी विचारलं, "मग न्यायचं कुठे?"

"अवचितगड," नाना म्हणाले.

"सकाळी लवकर," काकी म्हणाल्या.

नवरा-बायकोचं एकमत झालेलं मी पहिल्यांदाच ऐकत होते.

आता अवचितगड रोह्याच्या डोक्यावर उभा आहे. अष्टमीचा पूल ओलांडला की समोर दिसतो. आम्ही रोज कपडे वाळत घालताना बघतो, म्हणून तो आम्हाला किल्ला वाटतच नाही. उंची हजार फुटांच्या आसपास. वर जायला मेढ्यातून वाट आहे, पिंगळसईतून आहे आणि पडमकडूनही आहे. नानांचं मत मेढ्याच्या बाजूने, कारण गर्द झाडी आणि सावली. तासा-दीड तासात माणूस वर. सह्याद्रीतल्या किती किल्ल्यांवर जाताना डोक्यावर झाड असतं? रायगड जिल्ह्यातले बहुतेक डोंगर फेब्रुवारीनंतर बोडके आणि तापलेले. अवचितगडाचं रान अजून जिवंत आहे, हीच त्याची श्रीमंती. पण रानाचा एक उपद्रव असतोच. जागोजाग ढोरवाटा फुटतात. गुरं जिथून गेली ती वाट माणसाच्या वाटेपेक्षा रुंद दिसते, आणि शहरातला माणूस रुंद वाट निवडतो.

"मग जातो गुरांच्या मागे," नाना म्हणाले. "मेढ्यातला एखादा पोरगा बरोबर घ्यायला सांग. दोन-तीनशे रुपये वाचवायला जातात आणि दुपारपर्यंत करवंदीच्या जाळीत फिरतात."

"वर बघायला काय आहे?"

"काय आहे म्हणजे? तू रोह्याची ना?"

मी सासरची रोह्याची, हे मी सांगितलं नाही. नानांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली होती. दरवाजे, तटबंदी, पाण्याची टाकी एकाला लागून एक, आणि तो बारा कोनांचा तलाव. तलावाला बारा कोपरे कशासाठी, हे मला आजवर कुणी पटेल असं सांगितलेलं नाही. पण त्या कठड्यावर बसून पोरं कोपरे मोजतात आणि दर खेपेला मोजणी अकरा किंवा तेराच येते, हे मी स्वतः बघितलंय. सात वर्षांच्या मुलीला अर्धा तास गुंतवून ठेवायला तेवढं पुरे. जवळच महादेवाचं स्थान आहे. आणि दक्षिणेच्या बुरुजावर शिलालेख: शके 1718, नल संवत्सर, चैत्र शुद्ध प्रतिपदा. म्हणजे 1796 चा गुढीपाडवा. त्या दिवशी पेशवाईतल्या कुणीतरी बुरुजाचं काम पुरं केलं आणि मुहूर्त साधून तारीख कोरली. पुढे बावीस वर्षांत, 1818 साली, राज्यच गेलं. नाना हे असं सांगतात की जणू त्या बुरुजाचं कंत्राट त्यांच्या ओळखीतल्या कुणाला मिळालं होतं.

"वरून कुंडलिका दिसते," काकी म्हणाल्या. "वळत वळत जाते. धाटावची एमआयडीसी दिसते, चिमण्यांसकट. ते बघून नाक मुरडतात पाहुणे. मुरडू देत. आमची निम्मी आळी तिच्यावर जेवते."

"हवा स्वच्छ असली तर सुरगड, सरसगड, लांब रायगडपण दिसतो," नानांनी घाईघाईने भर घातली.

"गुडघेवाले साहेब चढतील?"

"चढतील. उतरायचं काय ते विचार. गुडघा उतरताना बोलतो."

म्हणून साहेबांसाठी वेगळी योजना निघाली, आणि ती काकींची. साहेबांनी सकाळी गावातच राहायचं. नदीकाठी आता फिरायला चांगली बांधलेली जागा आहे, तिथे एक फेरी. मग धावीर महाराजांचं देऊळ. दसऱ्याच्या सुमारास पालखी निघते तेव्हा पोलीस बंदुका घेऊन मानवंदना देतात, हे बाहेरच्या माणसाला सांगितलं की तो आधी हसतो आणि मग फोटो मागतो. वाटेत सांगायला गोष्टी पुष्कळ. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख या मातीतले. पांडुरंगशास्त्री आठवले 1920 साली इथेच जन्मले. आणि कोकण रेल्वे इथूनच सुरू होते, हे तर रोहेकर कुणालाही न विचारता सांगतो.

"आणि संध्याकाळी सगळ्यांना कालव्यावर," काकी म्हणाल्या. "त्याला चढ नाही, उतार नाही."

इथे नानांचा आवडता विषय सुरू झाला, तो म्हणजे पाणी. मी वाटीत वाल घेऊन कुंपणाच्या अलीकडून सोलायला बसले, कारण हे लवकर संपत नाही.

कुंडलिका मे महिन्यातही वाहते, आणि आजूबाजूच्या नद्यांचे दगड उघडे पडलेले असतात. हे पाणी मुळात आपलं नव्हेच. पाऊस पडतो तो घाटावर, मुळशीला. तिथली मुळा नदी पूर्वेला जाणारी. भीमेतून कृष्णेत आणि कृष्णेतून बंगालच्या उपसागरात जायचं ते पाणी. टाटांनी मुळशीला धरण बांधलं, डोंगर फोडून पाणी पश्चिमेला वळवलं आणि 500 मीटरच्या आसपास खाली भिऱ्याच्या वीजघरात सोडलं. 1927 मध्ये वीज सुरू झाली. त्याआधी 1921 मध्ये धरणाखाली जाणाऱ्या गावांनी सत्याग्रह केला, सेनापती बापट तुरुंगात गेले. धरण झालंच. मावळ्यांची भातं बुडाली आणि आपल्याकडे दुबार पीक आलं. नाना हे दर वेळी सांगतात आणि दर वेळी इथे थांबतात. डोलवहालच्या बंधाऱ्यावर ते पाणी अडवून उजव्या आणि डाव्या कालव्यात घालतात. उन्हाळी भात, वाल, भाजीपाला सगळा त्याच्यावर.

"म्हणजे बघ," नाना म्हणाले, "मुंबईत दिवे लागतात तसं आपल्या नदीला पाणी येतं. भिऱ्याला मशीन सुरू झालं की कोलाडला नदी भरते. ते राफ्टिंगवाले त्याच हिशेबाने सकाळी बोटी सोडतात. पोरांना हे सांगायचं. नदी शांत दिसते म्हणून मधल्या खडकावर जाऊन बसतात, डबा उघडतात. आभाळात ढग नाही, मग पाणी कशाला वाढेल? आणि वाढतं. आभाळाकडे बघून ही नदी कळत नाही."

हे मात्र मी भाच्याला तेव्हाच लिहून पाठवलं.

कालव्याचा काठ या दिवसांत चालायला उत्तम, कारण पाणी अजून सुटलेलं नसतं. काठाचा रस्ता कोरडा, दोन्ही बाजूंना कापलेल्या भाताची खुंटं, वेडे राघू तारेवर, खंड्या कुठल्या तरी डबक्यावर नजर लावून. ज्यांना डोंगर झेपत नाही आणि ज्यांना झेपतो पण आदल्या दिवशीचे पाय दुखतायत, अशा दोघांचीही सोय. फोटोत हे काही येत नाही, त्यामुळे गर्दीही येत नाही.

"पण ट्रेकरचं काय करायचं?" मी विचारलं. "त्याला अवचितगड लहान वाटेल."

"त्याला रविवारी सुरगडावर पाठव." नाना खुशीत आले. "खांबला उतरायचं, घेरा सुरगड गाठायचं. वर जाताना शेवटी घळ आहे, कातळात हात रोवून चढायला लागतं. तिथे घडीची काठी कुठे घालतो ते बघू. वर तोफ आहे, मारुती आहे, आणि एक शिलालेख, मराठी आणि फारशी दोन्ही लिपींत. पण पाणी खालून न्यायचं. मागे एक टोळकं बारा वाजता चढायला लागलं, चौघांत मिळून एक बाटली. संध्याकाळी वाडीतली पोरं बॅटरी घेऊन शोधायला गेली. पोरांनी आणलं खाली, काकीने चहा पाजला, आणि त्यांनी मुंबईला जाऊन काय लिहिलं, माहीत आहे? 'सोपा किल्ला, कुटुंबासह जाण्याजोगा.'"

"कुणाची काकी?" काकींनी विचारलं.

"वाडीतली गं. तू नव्हेस."

"माझ्या भावाची पोरगी सुरगड चढते," काकी माझ्याकडे वळून म्हणाल्या. "पेणला कॉलेजात शिकवते. पायात साधे बूट, पाठीवर झोळी. वर जाऊन प्लास्टिकच्या बाटल्या गोळा करून आणते. तिला कुणी ट्रेकर म्हणत नाही."

त्यावर मग काकी स्वतःच्या चालण्याबद्दल बोलल्या. त्या फार क्वचित बोलतात. लहानपणी डोंगरावर जायचं ते लाकडाला, पानांना आणि मे महिन्यात करवंदांना. कुणी 'फिरायला' जात नव्हतं. पहाटे चांदणीला निघायचं, उन्हाच्या आत भारा डोक्यावर घेऊन परत. आजही बाजारात कातकरणी बसतात त्या डोंगर चालूनच येतात. पावसाच्या तोंडावर शेवळं, मग टाकळा, भारंगी. ज्या वाटेवर शहरातली माणसं घामाघूम होऊन 'मस्त' म्हणतात, त्याच वाटेवरून त्या टोपली घेऊन उतरतात आणि वाट चुकलेल्यांना दाखवतातही. "वाटाड्या पाहिजे तर त्यांना विचारावं," काकी म्हणाल्या, "पण त्यांच्या पाट्या नाहीत ना कुठे."

पाहुण्यांना दोन दिवस आहेत. सुरगडावर ट्रेकर आणि भाचा गेले, तर बाकीच्यांनी रविवारी काय करायचं? नाना म्हणाले तळगड, घोसाळगड. दोन्ही लहान, तासाभरात वर, तळगड तर तळा गावातल्या घरांच्या मागेच. पुरंदरच्या तहात महाराजांनी जे बारा किल्ले हातचे सोडले नाहीत त्यांत हे दोघे होते, असं सांगतात. खाड्यांच्या नाड्या यांच्या हातात होत्या, म्हणून. चणेऱ्याजवळचा बिरवाडी आणखी सोपा, पायथ्याशी भवानीचं देऊळ. पण लहान मुलगी, साहेब आणि किल्ल्याला कंटाळलेली एक बाई असा जमाव असेल तर माझं मत वेगळं होतं, आणि ते मी या वेळी रेटलं.

"कुडा."

"लेणी?" नानांचा चेहरा उतरला. लेण्यांत लढाई झालेली नसते.

तळ्याहून मांदाडच्या वाटेवर डोंगराच्या पोटात 26 लेणी आहेत, दोन हजार वर्षांच्या आसपासची. गाडीतून उतरलं की थोडंच चढायचं. पुढ्यात राजपुरीच्या खाडीचं पाणी. मांदाड हे तेव्हाचं बंदर. माल यायचा, व्यापारी यायचे आणि भिक्खूंना पावसाळ्यात डोकं टेकायला डोंगर कोरून द्यायचे. एका लेण्याच्या दारात दगडी हत्ती आहेत, मुलीसाठी तेवढं पुरे. पण मला तिथे ओढतात ते शिलालेख. ब्राह्मी लिपी, प्राकृत भाषा. आणि मजकूर काय? कुणी काय दिलं, तो कुणाचा मुलगा, कुणाची बायको, धंदा कुठला. एक खोली माळ्याने दिली. एक वैद्याच्या घरातल्याने दिली. एक लोखंडाच्या व्यापाऱ्याने, तो कऱ्हाडचा. घाट उतरून इथवर आला होता धंद्याला.

"म्हणजे आपल्या देवळातल्या फरश्यांसारखंच," काकी म्हणाल्या. "कै. अमुकच्या स्मरणार्थ."

"हो, पण बायकांची नावंही आहेत. भयिला नावाच्या ब्राह्मणीने अख्खं चैत्यगृह दिलं. नवऱ्याचं नाव अयितिलु. तो आहे लेखात, पण नवरा म्हणून. देणारी ती."

काकींची बोटं पहिल्यांदा थांबली. "दोन हजार वर्षांपूर्वी? स्वतःच्या नावाने? आणि ह्यांनी घराची पाटी लावली तेव्हा..."

"पाण्याची बाटली तिथेही न्यायला लागेल," नाना एकदम म्हणाले.

कुडा ठरलं.

पाहुण्यांना समुद्रही पाहिजे, हे मी सगळ्यात शेवटी सांगितलं, कारण समुद्राचं नाव काढलं की नाना आत जाऊन कालनिर्णय आणतात. आणलाच. कुंडलिका रेवदंड्याला समुद्राला मिळते. त्या मुखाच्या एका अंगाला रेवदंड्याचा पोर्तुगीज कोट, पूल ओलांडून दुसऱ्या अंगाला डोंगराच्या सोंडेवर कोर्लईचा किल्ला. कोटाच्या तटाखालून वाळूवर चालायचं असेल तर ओहोटी पाहिजे.

"शनिवारी तिथी काय? वद्य पंचमी. पाच पाऊणे पावणेचार. म्हणजे पावणेचारला भरती."

हा हिशेब किनाऱ्यावरच्या प्रत्येक घरात येतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. इकडेतिकडे थोडं होतं, पण कोळणीला आणि नानांना तेवढं चालतं. भरतीआधी सहा तास ओहोटी, म्हणजे पावणेदहा. शनिवारी सकाळी ही मंडळी अवचितगडावर. दुपारी रेवदंड्याला पोचतील तर पाणी तटाला लागलेलं.

"मग तटाखालचं चालणं रद्द," नानांनी कालनिर्णय मिटला. "रविवारी षष्ठी. साडेचारला भरती, साडेदहाला ओहोटी. कुडा बघून तिकडून येतील तर जमणार नाही. सोमवारी परत जाताना वाट वाकडी करून जा म्हणावं. सोमवारी सव्वाअकराच्या आसपास पाणी खाली असेल."

"सोमवारी त्यांना ऑफिस आहे."

"मग सरळ कोर्लईला जा म्हणावं संध्याकाळी. तिथे भरती-ओहोटीची भानगड नाही."

कोर्लई मलाही आवडतो. दीपगृहापर्यंत गाडी जाते आणि पुढे पायऱ्या. किल्ला अरुंद आणि लांब, दोन्ही हातांना पाणी, सावली मात्र औषधालाही नाही. म्हणून साडेचारनंतरच जायचं. 1594 मध्ये पोर्तुगीजांनी निजामशाहीकडून घेतला. पायथ्याच्या गावातली ख्रिस्ती कुटुंबं अजून आपसात पोर्तुगीज मिसळलेली बोली बोलतात. पोर्तुगीज जाऊन पावणेतीनशेहून अधिक वर्षं झाली, बोली राहिली. आमच्या आळीत मुलं दुसरीत गेली की घरात मराठी बोलायची थांबतात, हे मी नानांना म्हटलं. त्यांच्या नातवाचा विषय निघेल म्हणून त्यांनी ऐकलं नाही.

फणसाडचं नाव मी घेतलं. जंजिऱ्याच्या नवाबाची शिकारीची रानं, 1986 पासून अभयारण्य, नशिबात असला तर शेकरू. पण दोन दिवसांत किती कोंबायचं? काकींनी हात झटकले. "आलेल्या माणसाने पुन्हा यावं असं काहीतरी शिल्लक ठेवावं. जानेवारीत या म्हणावं, वालाच्या शेंगा भरल्या की पोपटी लावू. फणसाड तेव्हा."

मग सूचनांची फैर झडली, आणि त्यात कोण कुणाचं ऐकत होतं ते सांगता येणार नाही. अत्तर मारून जाऊ नका, किल्ल्यांच्या कड्यांना आग्या मोहोळं असतात. वर शेकोटी नको, धूर नको. गवतात हात घालायच्या आधी काठी आपटा, फुरसं पाचोळ्याच्या रंगाचं असतं. तीच ती घडीची काठी, शेवटी तिला काम मिळालं. टाक्यात पाय धुवायचे नाहीत. साडेपाचला डोंगराच्या खाली, कारण कार्तिकात सूर्य निरोप न घेता जातो. आणि मुंबई-गोवा हायवेने येण्यापेक्षा गाडीने या, म्हणजे नानांच्या भाषेत रेल्वेने. हायवेवर किती वेळ लागेल हे आता ज्योतिषीही सांगत नाहीत.

मी भाच्याला फोन लावला. स्पीकरवर, कारण नाहीतर नानांनी मध्येच विचारलंच असतं.

सगळं सांगितलं. देवकुंड का नाही, अवचितगड का, साहेबांचं काय, कुडाचं काय. तो ऐकत होता. मधे 'हो मामी, हो मामी' चालू होतं. शेवटी म्हणाला, "चालेल. पण अवचितगडावर धबधबा आहे का?"

"तलाव आहे," नाना कुंपणावरून ओरडले. "बारा कोपऱ्यांचा. उडी मारायची नाही!"

"ते कोण?"

"शेजारचे नाना. ते तुझ्या ट्रेकरला सुरगडावर पाठवतायत."

पलीकडे हशा पिकला. ट्रेकर तिथेच होता बहुतेक. कुणीतरी त्याला काहीतरी चिडवलं आणि मागून एक आवाज आला, बरा होता आवाज, की सुरगडाच्या टाक्यांची साफसफाई कुणी करतं का, त्याला मागच्या उन्हाळ्यात दुसरीकडे असं काम केल्याचा अनुभव आहे.

काकींनी वालाचं पातेलं बाजूला सारलं, पदराला हात पुसले आणि खिंडारातून अर्ध्या आत आल्या.

"अगं, विचार की," त्या फोनच्या अगदी जवळ येऊन, जमेल तेवढ्या हळू आवाजात म्हणाल्या, "लग्न झालंय का त्याचं?"